बॅटीनं पेनल्टी घालवली तेव्हा आम्ही नाचलो होतो

शनिवारी सकाळी दादाचा फोन येतो. इथं इंग्लंडात लीड्सला सकाळ, तिकडं कोल्हापुरात दुपार टळायला आलेली. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. शिवाजी पेठेतला, साठीला टेकलेला. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की त्याचा फोन अर्ध्या तासाच्या आत ठेवला जात नाही, म्हणून मी आधी चहा ओतून घेतो आणि मगच फोन उचलतो. परवा मात्र त्याचा आवाज पडलेला होता. दोन तालमींच्या समर्थकांत पुन्हा जुंपली, गॅलरीतून बाटल्या आल्या, सामना अर्ध्यात थांबला.

“बारक्या, ह्यांना खेळ नकोच आहे रे. बंद करून टाकायला पाहिजे सगळं. नाहीतर मग तुमच्या तिकडच्यासारखं करायला पाहिजे.”

चहा निवून गेला तरी ‘तुमच्या तिकडच्यासारखं’ हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात.

कोल्हापूरचा फुटबॉल ज्यांनी पाहिला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही तालमींची नावं आहेत आणि फुटबॉल संघांचीही. तालीम म्हणजे मूळ कुस्तीची, लाल मातीच्या हौद्याची. पुढं त्याच तालमींच्या पोरांनी फुटबॉलला लाथ मारली आणि पेठापेठांतली ईर्ष्या आखाड्यातून शाहू स्टेडियमवर आली. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत स्टेडियम भरतं. विश्वचषक आला की ज्या गल्लीतून दोन रिक्षा समोरासमोर जात नाहीत, तिथं ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात आणि खेळाडूंचे दुमजली कटआउट उभे राहतात. इथल्या माणसांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना थाप वाटते.

घरी सध्या जो वाद चालतो त्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, बाहेरून पैसे देऊन आणलेले खेळाडू, विशेषतः नायजेरियाहून वगैरे आलेले, बंद करा. पेठेतल्या पोरांना संधी द्या. दुसरा म्हणतो, पेठ-पेठ करूनच ही हाणामारी होते. तालमींची नावं काढा, नीट कंपनीसारखे संघ करा, चांगले खेळाडू विकत आणा, मग बघा दर्जा. दादा सकाळी पहिल्या तटात असतो आणि भांडण झालं की संध्याकाळी दुसऱ्यात. मला दोन्ही म्हणणी अर्धी पटतात आणि अर्धी पटत नाहीत. त्याला कारण डेव्हिड बॅटी नावाचा एक माणूस आहे.

बॅटीला मी पहिल्यांदा पाहिलं ते ३० जून १९९८च्या रात्री. आपल्याकडं खरं तर १ जुलै लागला होता. फ्रान्समध्ये सेंट एतिएनला इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. आमची गल्ली अर्जेंटिनाची, मागची ब्राझीलची. एकाच्या घरचा टीव्ही बाहेर कट्ट्यावर आणून ठेवलेला, वायर खिडकीतून ओढलेली. इंग्लंडच्या मायकेल ओवेननं तो गाजलेला गोल केला तेव्हा सगळे गप्प झाले. बेकहॅमला लाल कार्ड मिळालं तेव्हा कुणीतरी हलगी आणायला पळाला. २-२ बरोबरी, मग टायब्रेकर. इंग्लंडची शेवटची पेनल्टी मारायला एक बारकासा, पिवळट केसांचा, बदली म्हणून आलेला खेळाडू पुढं आला. “हा कोण रे?” “कुणाला माहीत.” गोली रोआनं ती अडवली, अर्जेंटिना ४-३ नं जिंकली आणि पहाटे तीनला आम्ही हलगीवर नाचलो. वरच्या मजल्यावरच्या आजी खिडकीतून शिव्या देत होत्या. त्या शिव्यांवरही आम्ही नाचलो.

त्या बारक्या बॅटीनं व्यावसायिक सामन्यात त्याआधी एकही पेनल्टी मारली नव्हती, हे मला इथं आल्यावर कळलं.

मी लीड्सला आलो २००६ साली. शिरोलीच्या एमआयडीसीत कास्टिंगचं काम केलेलं, इथं एका कारखान्यात तपासणी विभागात लागलो. घर मिळालं बीस्टनला, चढावर. तिथून खाली लीड्स युनायटेड क्लबचं, म्हणजे बॅटीच्या क्लबचं, एलंड रोडचं मैदान दिसतं. शेजारी एक निवृत्त बसचालक राहतात. मी कोल्हापूरचा, आमच्याकडं फुटबॉल चालतो, एवढं सांगितल्यावर त्यांनी मला घरात घेतलं आणि पहिल्याच दिवशी बॅटीचं ऐकवलं. क्लब तेव्हा खालच्या विभागात घसरलेला होता, वर्षभरात आणखी एक पायरी घसरायचा होता. अशा वेळी म्हातारे आठवणी काढतात. मला वाटलं होतं गोलांच्या आठवणी असतील.

गोल काढायचे म्हटले तर बॅटीचे निघतातच किती? दोन खेपांत मिळून लीड्सकडून लीगचे तीनशे सामने, गोल चार. इंग्लंडकडून ४२ सामने, गोल शून्य. त्याच्याकडं चेंडू आला की अर्धं मैदान “मार, मार” म्हणून ओरडायचं, कारण तो मारणार नाही आणि मारला तर लागणार नाही हे सगळ्यांना माहीत असायचं. तो आमच्यातला चेष्टेचा विषय होता, शेजारचे म्हातारे म्हणाले, पण चेष्टा आम्ही करायची, दुसऱ्या गावच्यानं नाही. १९९१ साली मँचेस्टर सिटीविरुद्ध त्याचा गोल लागला. आधीचा गोल लागून चार वर्षं होत आली होती. “त्या दिवशी शेजारच्या अनोळखी माणसानं माझा मुका घेतला,” असं सांगताना म्हाताऱ्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

मग ते खरं काय ते सांगतात. १९९२ साली लीड्स इंग्लंडचा विजेता झाला तेव्हा मधली फळी चौघांची होती: स्ट्रॅकन, मॅकॅलिस्टर, स्पीड आणि बॅटी. पहिले तिघे चेंडूचं काहीतरी सुंदर करायचे. ते करायला चेंडू त्यांच्यापर्यंत यायला लागतो, आणि तो समोरच्याच्या पायातून काढून आणणारा बॅटी. दाद देणारे देतात ती शेवटच्या पासला. म्हाताऱ्यांना आठवते पावसातली घसरत मारलेली टॅकल, त्यानंतर लगेच उठून उभं राहणं, आणि चेंडू जवळच्या माणसाला देऊन पुन्हा पळायला लागणं. बॅटी लीड्समध्येच जन्मलेला. त्याला १९९३ साली ब्लॅकबर्नला विकला तेव्हा गावात सुतक पाळल्यासारखं झालं होतं म्हणे. पुढं ब्लॅकबर्न विजेता झालं, पण त्या हंगामात पाय मोडल्यामुळं तो जेमतेम पाच सामने खेळला. मी काही केलेलं नाही म्हणून त्यानं पदक घेतलं नाही, असं इथले चाहते सांगतात. खेळ सोडल्यावर ना समालोचन, ना प्रशिक्षकपद, ना जाहिरात. माणूस आपल्या घरी निघून गेला. चाहत्यांना याचंच सर्वांत कौतुक.

हे ऐकताना मला सारखा आमच्या गल्लीतला सेंटर हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, दिसत होता. त्याचं नाव लिहीत नाही, तो आजही तिथंच राहतो आणि त्याला आवडायचं नाही. उद्यमनगरात लेथवर काम करायचा. संध्याकाळी हाताचं तेल पुसत पुसत गांधी मैदानावर यायचा. पावसाळ्यात त्या मैदानाचं तळं व्हायचं, तरी कडेच्या कोरड्या पट्टीवर एकटा पळत बसायचा. उंची बेताची, शूट नाही, हेडिंग नाही. पण समोरच्या संघाचा जो सगळ्यांत भारी खेळाडू असेल त्याला सामन्याच्या शेवटी विचारायचं, आज तुझ्या पायात चेंडू किती वेळ राहिला. आमचे फॉरवर्ड गोल करून पोस्टरवर जायचे. हा दुसऱ्या दिवशी पोटरीला हळद लावून लेथवर.

आपल्याकडच्या स्पर्धांत एक गोष्ट आहे जी इंग्लंडात मी कुठं पाहिली नाही. सामनावीराबरोबर ‘लढवय्या खेळाडू’ असं वेगळं बक्षीस देतात. गोल न करणाऱ्याला, बऱ्याचदा हरलेल्या संघातल्या एखाद्याला, पण जिवाच्या आकांतानं खेळलेल्याला. आमच्या हाफला ते एकदा मिळालं. बक्षिसात काय होतं ते आठवत नाही, पण त्याच्या आईनं ते देव्हाऱ्याशेजारी मांडून ठेवलं होतं हे आठवतं. म्हाताऱ्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आमच्याकडं हे असतं तर बॅटीच्या घरात ठेवायला जागा उरली नसती.

तेव्हा दादा, पहिली गोष्ट. कष्टाळू खेळाडूवर जीव लावायला आपल्याला तिकडच्यांकडून शिकायला नको. त्या कष्टाला आपल्याकडं नाव आहे आणि बक्षीसही. चुकतं ते पुढं. लढवय्याला आपण ढाल देतो आणि बाहेरून आणलेल्या फॉरवर्डला मानधन. अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, अख्ख्या गावाची कॉलर ताठ झाली. तोही फॉरवर्डच. मधल्या फळीतला पोरगा अठराव्या वर्षी बघतो की गोल करणाऱ्याचा फ्लेक्स लागतो आणि आपल्याला शिव्या बसतात, तर तोही पुढं सरकायला लागतो. मग मध्ये भगदाड पडतं, आणि ते बुजवायला पुन्हा बाहेरचा माणूस.

बाहेरच्या माणसाचं मात्र मी पहिल्या तटासारखं बोलणार नाही. बॅटी गावचा होता खरं. पण त्याला १९८७ साली पहिली संधी दिली ती तेव्हाचे प्रशिक्षक बिली ब्रेम्नर यांनी, आणि ब्रेम्नर स्कॉटलंडचे, स्टर्लिंग गावचे. उंची साडेपाच फुटांच्या आत-बाहेर, लाल केस, लीड्सकडून ७७२ सामने. आज मैदानाबाहेर पुतळा आहे तो त्यांचा, दोन्ही हात वर केलेला. सामन्याला जाताना लोक “बिलीपाशी भेटू” म्हणतात, जसे आपण बिंदू चौकात भेटतो. स्वतःच्या आधी संघ, दर वेळी, हे त्यांचं वाक्य इथल्या पोरांना पाठ असतं. आता खरं सांगायचं तर बाकीच्या इंग्लंडात त्या काळच्या लीड्सची ओळख ‘घाणेरडं लीड्स’ अशी होती. १९७४ साली वेम्बलीवर ब्रेम्नर आणि लिव्हरपूलचा कीगन यांची मारामारी झाली, दोघांनाही बाहेर काढलं, दोघं जर्सी काढत गेले. आमचे म्हातारे हे अगदी कौतुकानं सांगतात, जणू पोरानं शाळेत पेढे वाटले. चाहत्याची आठवण पंचासारखी दोन्ही बाजूंनी बघत नाही, हे मान्य करूनच ती ऐकावी.

पुढं दक्षिण आफ्रिकेचा लुकास राडेबे लीड्सकडून खेळायला आला आणि दहा-अकरा वर्षं राहिला. आजही त्याचं नाव काढलं की इथली माणसं हळवी होतात. हेच ते एलंड रोड, जिथं १९८०च्या दशकात दाराबाहेर वर्णद्वेषी पक्षाचे कागद विकले जायचे आणि काळ्या खेळाडूंना शिव्या पडायच्या. ते थांबवायला चाहत्यांनीच आपलं वेगळं पत्रक काढून दारात उभं राहायला सुरुवात केली. आणि २०१८ साली या क्लबला उभं करायला आला तो प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा, अर्जेंटिनाचा! क्लबच्या तिकिटासाठी साध्या माणसाला किती तास राबावं लागतं हे त्यानं विचारलं. उत्तर आलं तीन तास. तर त्यानं खेळाडूंना तीन तास सरावाच्या मैदानाच्या परिसरातला कचरा उचलायला लावला, अशी हकीकत तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत होती. म्हाताऱ्यांच्या स्वयंपाकघरात बॅटीच्या शेजारी आता बिएल्साचं चित्र आहे. ज्या देशानं बॅटीला रडवलं त्या देशाचा माणूस.

म्हणजे बाहेरचा आपला होतो. राहावं लागतं, राबावं लागतं आणि गावाला थोडा वेळ द्यावा लागतो. मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. मीही इथं आणलेला खेळाडूच की. पहिली दोन वर्षं जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाला कुणी खुर्ची लावायचं नाही. तिसऱ्या वर्षी एका रात्री भट्टीचा सगळा माल खराब निघाला, मी पहाटेपर्यंत त्यांच्याबरोबर एकेक नग तपासत थांबलो, आणि दुसऱ्या दिवसापासून माझा चहा न सांगता यायला लागला. दूध जास्त, साखर दोन. इंग्रज माणसाच्या हातून ही मोठी गोष्ट असते.

कोल्हापुरात आपण बाहेरच्या पोराला हे करू देतो का? एका सुट्टीत आलो होतो तेव्हा आमच्या भागात एक नायजेरियन पोरगा राहायला होता. सकाळी कटाची मिसळ घाम पुसत खायचा, बारक्या पोरांना “काय भावा” म्हणायचा, गल्ली त्याच्यावर खूश. पुढच्या वेळी विचारलं तर म्हणाले, स्पर्धा संपली, गेला. कुठं? कुणालाच ठाऊक नाही. दुसऱ्या गॅलरीतून त्याला माकडासारखे आवाज काढून दाखवले होते, हेही कळलं. त्याला हाकलून पेठेचा काय फायदा झाला असता मला समजत नाही, आणि त्याला स्पर्धेपुरता भाड्यानं आणून पेठेचा काय झाला तेही समजत नाही. आणायचा तर पूर्ण हंगामासाठी आणा, खोली द्या, सकाळी गांधी मैदानावर बारक्यांना शिकवायचं काम द्या, त्याचे पैसे वेगळे द्या. शक्यतो हाफ आणा. त्याच्याकडून आपली पोरं जास्त शिकतील.

आता हाणामारीचं. ‘तुमच्या तिकडच्यासारखं’ म्हणणाऱ्यांना टीव्हीवर इथली रांगेतली खुर्ची दिसते. ती कुठून आली ते दिसत नाही. ११ मे १९८५ला इथून पंधरा-एक किलोमीटरवर ब्रॅडफर्डच्या मैदानात लाकडी स्टँडखाली साठलेल्या कचऱ्यानं पेट घेतला आणि ५६ माणसं गेली. त्याच दुपारी बर्मिंगहॅमला लीड्सच्या आणि तिथल्या समर्थकांनी दंगल केली, भिंत कोसळली, पंधरा वर्षांचा एक मुलगा मेला. आमचे म्हातारे त्या दिवशी बर्मिंगहॅमला होते. बॅटीवर तासभर बोलणारा माणूस त्यावर एक वाक्य बोलतो आणि उठून किटली ठेवतो. आणि १९८९चं शेफिल्डचं हिल्सबरो मैदान. दंगेखोर आहेत असं धरूनच प्रेक्षकांना जाळीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. पोलिसांनी गर्दी आत सोडली, आणि तिथं चेंगरून ९७ जणांचा जीव गेला. पोलिसांनी वर दोष प्रेक्षकांनाच दिला. प्रेक्षकांची काही चूक नव्हती हे चौकशीतून अधिकृतपणे ठरायला २०१६ साल उजाडलं. त्या ९७ जणांनंतर जाळ्या निघाल्या आणि खुर्च्या आल्या.

म्हणून स्टेडियमवर जाळी उंच करा, लाठीवाले वाढवा, असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. बाहेर पडायची दारं किती रुंद आहेत आणि सामना चालू असताना ती उघडी असतात का, हे आधी बघा. बाटली फेकणारा कोण आहे हे पोलिसांच्या आधी त्याच्या तालमीला माहीत असतं. त्याला तालमीनंच हंगामभर घरी बसवावं, नाव फळ्यावर लिहून. इथंही दंगेखोराला मैदानबंदी होते, पण ती कोर्टातून. आपल्याकडं तालमीतल्या वस्तादांनी दाराबाहेर उभं केलं तर कोर्टाची गरज पडू नये.

आणि इथल्या खुर्चीची किंमतही सांगतो. आमच्या चढावरची पोरं मैदान रोज बघतात, आत मात्र क्वचित जातात, तिकीट परवडत नाही. मी स्वतः वर्षाला दोन-तीन सामने बघतो, बाकीचे म्हाताऱ्यांच्या टीव्हीवर. बिएल्सानं कचरा उचलायला लावला तरी तिकीट स्वस्त झालं नाही. शाहू स्टेडियमच्या पायरीवर उद्यमनगरातला कामगार आणि त्याचा मालक मांडीला मांडी लावून बसतात, ते इथं संपलं. तालमींची नावं पुसून कंपन्यांचे संघ करा म्हणणाऱ्यांनी हे धरून हिशेब करावा. लीड्सला बॅटी आपला वाटला कारण तो मैदानापासून बसनं जाण्याच्या अंतरावर वाढला होता. ते बसचं अंतर तालमीकडं आहे, आणि दुसऱ्या कुणाकडं नाही.

दादाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, तुझं काय जातंय तिकडं बसून बोलायला, इथं येऊन गॅलरीत बस म्हणजे कळेल. बरोबर आहे त्याचं. म्हणून या हिवाळ्यात चार आठवडे येतोय, आणि एकटा नाही. म्हातारे येणार आहेत. लढवय्याचं बक्षीस देताना त्यांना बघायचं आहे. मसाल्याची भीती आहे, पण पांढऱ्या रश्शापासून सुरुवात करू असं ठरलंय.

अडचण एकच. लीड्समध्ये बॅटीच्या पेनल्टीचा विषय निघाला की प्रत्येक जण आपण त्या रात्री कुठं होतो ते सांगतो. म्हाताऱ्यांनी मला फार पूर्वी विचारलं होतं. मी सांगून टाकलं, शिरोलीला रात्रपाळीला होतो. आणि दादाच्या बैठकीत भिंतीवर मोठा करून लावलेला फोटो आहे: पहाटेची गल्ली, अर्जेंटिनाचा झेंडा, हलगी, आणि मधोमध उघड्या अंगानं नाचणारा मी. खाली दादाच्याच अक्षरात तारीख. तो फोटो उतरवून ठेव म्हणून दोनदा सांगितलं, तर दादा म्हणतो, भिंतीवर डाग दिसेल.